लेआऊटमधलं नाटक आणि न बोलणारी मुलगी

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मानेवाडा रिंग रोडच्या पलीकडे एका लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, राहते. यंदा उन्हाळ्यात आमच्या समाजभवनात १५ दिवसांचं नाट्यशिबिर घेतलं, सकाळी साडेसहा ते साडेआठ, ऊन चढायच्या आत. १९ मुलं आली. त्यांना सोडायला आलेल्या दोन आया आधी पायरीवर बसून राहायच्या, चौथ्या दिवसापासून खेळायलाच लागल्या. एक आजी रोज यायच्या. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आले. ते मूळचे वडशाकडचे, तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केलेले. शेवटच्या दिवशी सगळे म्हणाले, ताई, बंद नका करू.

बंद करायचं नाही हे ठरलं, पण पुढचं सुचत नाही. पालक म्हणतात, बालनाट्य स्पर्धेत उतरा, मुलांना स्टेज मिळालं पाहिजे. मोठ्या माणसांचा वेगळा वर्ग काढावा का? मी नाट्यशास्त्र शिकलेली नाही. शहरातले एक प्रशिक्षक यायला तयार आहेत, पण त्यांचं मानधन आम्हाला झेपणारं नाही. फी किती ठेवावी? शिबिरात मुलांचे उच्चार मात्र खूप सुधारले, न आणि ण चा घोळ बराच कमी झाला, याचं समाधान आहे. फक्त शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची एक मुलगी, वय ११, रोज आली आणि १५ दिवसांत एक शब्द बोलली नाही. तिचं काय करू?

– एक निवृत्त शिक्षिका, दक्षिण नागपूर

ताई, नमस्कार.

तुमचे प्रश्न बरेच आहेत. पण पत्राच्या शेवटी दोन गोष्टी लागून आल्या आहेत. मुलांचे उच्चार सुधारले हे समाधान, आणि एक मुलगी बोललीच नाही ही काळजी. मला त्या दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या काढता येईनात. म्हणून स्पर्धा, प्रशिक्षक, फी हे सगळं थोडं मागे ठेवते आणि तिच्यापासून सुरुवात करते.

आपल्याकडे नव्या लेआऊटांमध्ये घरं बांधायला येणारी बरीच कुटुंबं छत्तीसगडातून, बालाघाटकडून येतात. ही मुलगीही तिकडची असेल, तर घरी छत्तीसगढी बोलत असेल, रस्त्यावर नागपुरी हिंदी, आणि मराठी तिला समजत असेल. आईशी, धाकट्या भावंडांशी ती भरभर बोलत असणार. तुमच्या भवनात येऊन तिने काय पाहिलं? 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला थांबवून 'पाणी' म्हणायला लावतात. 'मी येऊन राहिलो' म्हटलं की 'मी येतोय' असं म्हणून घेतात. ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांचंही इथे चुकतं, मग आपण तोंड न उघडलेलंच बरं. ११ वर्षांच्या मुलीने एवढं ओळखलं, यात तिची हुशारीच दिसते. आणि तरीही ती रोज आली. हे मला तुमच्या सगळ्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं.

हबीब तन्वीर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म रायपूरचा, १९२३ सालचा, आणि बी.ए. आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून, १९४४ मध्ये. पुढे लंडनला जाऊन ते नाटक शिकले, परत आल्यावर १९५९ मध्ये 'नया थिएटर' काढलं आणि छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यातले कलावंत सोबत घेतले. गावात रात्र रात्र माणसं जागेवर बसवून ठेवणारे हे कलावंत तन्वीरांच्या नाटकात अवघडून जायचे. असं का होतं, हे समजायला त्यांना बरीच वर्षं लागली. आपण या माणसांना हिंदी बोलायला लावतो, आणि इथे उभे राहा, तिथून चाला, असं आखून देतो, या दोन चुका त्यांनी स्वतःच्या म्हणून मान्य केल्या. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी कलावंतांना छत्तीसगढीत बोलू दिलं, हालचाली त्यांच्यावर सोडल्या, आणि तीच माणसं मोकळी झाली. त्यांचं छत्तीसगढीतलं नाटक १९८२ साली एडिनबराच्या नाट्यमहोत्सवात बक्षीस घेऊन आलं. तिथल्या प्रेक्षकांना त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता.

मोठ्या दिग्दर्शकाला जे उमगायला इतका वेळ लागला, ते आपल्याला १५ दिवसांत उमगलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. हे मी अनुभवाने सांगते. शाळेत असताना मला एका नाटकात पहारेकऱ्याचं काम होतं, एकच वाक्य. 'का आलास इथे?' मी ते 'काहून आला इथी?' असं म्हणून मोकळी व्हायचे. तीन वेळा सांगूनही सुधारलं नाही म्हणून बाईंनी ते वाक्य दुसऱ्या मुलीला दिलं आणि माझ्या हाती नुसता भाला राहिला. हे मी विसरले नव्हते, आणि तरीही पुढे वस्तीत मुलांची नाटकं बसवायला लागले तेव्हा एका मुलाशी मी नेमकं हेच केलं. तो पुन्हा आला नाही. त्याचं घर मला माहीत होतं, पण मी गेले नाही. ते जाणं राहून गेलं याची टोचणी अजून आहे.

शुद्ध भाषेला माझा विरोध नाही. तुम्ही आयुष्यभर भाषा शिकवली, ते काम मोठं आहे आणि त्याला शाळेची जागा आहे. पण ज्या खोलीत नाटक तयार होतं तिथे माणूस आधी त्याच्या घरच्या बोलीत बोलतो. तुमच्या कंडक्टर काकांना विचारा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम लागतो, वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालयं उघडतात, आणि लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. तिथल्या विनोदी पात्राच्या तोंडातली झाडीबोली काढून घेतली तर मंडपात काय उरेल, हे काका माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही मुलांना जरूर सांगा. विशेषतः 'राहिलो' म्हटल्यावर जीभ चावणाऱ्यांना.

आता तिच्यासाठी काय करायचं. तिला बोलतं करायचा प्रयत्न करू नका. तिला पुढे बोलावून 'बोल बेटा, घाबरू नको' म्हणणं सगळ्यात वाईट. त्याऐवजी पहिले तीन-चार रविवार असे खेळ घ्या, ज्यात कुणालाच भाषा लागत नाही. आरशाचा खेळ घ्या. दोघं समोरासमोर उभे राहतात, एक जण सावकाश हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो, मग अदलाबदल. तिची जोडी आजींशी लावा. पुतळ्यांचा खेळ घ्या. तिघा-चौघांनी शरीरांनी एक चित्र उभं करायचं, 'टँकर आला', 'लाइन गेली', 'पाहुणे आले', आणि बाकीच्यांनी ओळखायचं. मग अर्थ नसलेल्या भाषेत भांडण. भाजीवाली आणि गिऱ्हाईक कडाकडा भांडतात, पण शब्द सगळे बनावट. हा शेवटचा खेळ शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी नाट्यशिक्षणात रुजवला. १९३० च्या दशकात त्या स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करायच्या, मुलांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या, म्हणून त्यांनी नाटकाचं शिक्षण खेळांवर उभं केलं. आज जगभरच्या नाट्यशाळांत ते खेळ चालतात. त्यांचा जन्म तुमच्यासारख्याच एका अडचणीतून झाला आहे.

एखाद्या रविवारी सगळ्यांना एक काम द्या: घरी पाऊस, भात, झोप, राग याला काय म्हणतात ते विचारून या. काका झाडीबोलीतले शब्द आणतील, कुणाच्या घरून वऱ्हाडी येईल, कुणाकडून हलबी, कुणाकडून तेलुगू. त्या दिवशी ती एक शब्द बोलली तर बोलली. नाही बोलली तर तिचा शब्द तिच्या आईकडून आणा आणि सगळ्यांनी तिच्याकडून हातवाऱ्यांनी शिकून घ्या. शिकवणारी ती आणि शिकणारे सगळे, हे एकदा घडायला हवं.

मोठ्यांचा वेगळा वर्ग काढू नका. त्या दोघी आया वेगळ्या वर्गात आल्याच नसत्या. पायरीवर बसून मुलांचे खेळ पाहता पाहता त्यांचा धीर झाला, आणि पायरी ओलांडून आत येणं हेच त्यांचं पहिलं काम होतं. एकाच खोलीत ६ वर्षांचा मुलगा आणि ७० वर्षांच्या आजी असल्या की दोघांनाही आपल्या वयाचंच राहावं लागत नाही. आजी सून होतात, मुलगा सासरा होतो, आणि पाहणाऱ्यांना घरातलं काहीतरी नव्याने दिसतं.

अपवाद एकच, १३ ते १६ ची मुलं. आईसमोर त्यांची तोंडं शिवली जातात. त्यांना दर वेळी अर्धा तास वेगळा द्या, त्यांच्या हाती आवाज, प्रकाश, वेळापत्रक, मांडणी सोपवा. अगदी लहानांना संवाद देऊ नका. पाऊस, रेल्वे, कुत्री, प्रेशर कुकर असे सगळे आवाज त्यांच्याकडे द्या, ते जीव तोडून करतील. आजींना गुडघ्यांमुळे उभं राहवत नसेल तर खुर्चीवर बसून कथन करू द्या. आणि घरातून बाहेर पडू न शकणारे म्हातारे लेआऊटमध्ये असतील तर त्यांच्यासाठी श्रुतिका करा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे, त्या पिढीचे कान नभोनाट्यावर तयार झाले आहेत. त्यांच्या खाटेशी बसून आवाज मोबाइलवर घ्या. तेही नाटकच आहे.

प्रयोग कशाचा करायचा, हा खरा प्रश्न. संहिता शोधायला सीताबर्डीला जाऊ नका. आता जून संपत आला, शाळा नुकत्याच उघडल्या, पोळ्यापर्यंत हातात काही रविवार आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात जे निघतं तसं कुठेच निघत नाही. महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागे बडगे, म्हणजे त्या वर्षी छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे. शंभरावर वर्षं नागपूरकर वर्षभराची पीडा एका पुतळ्यात भरतात, रस्त्यावरून ओरडत नेतात आणि जाळतात. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी आपल्यापैकी कुणाला शिकवावी लागली नाही. पुतळा आहे, मिरवणूक आहे, संवाद आहे, आणि प्रेक्षक सोबत चालतो आहे. यापेक्षा मोठी नाट्यशाळा मी तरी पाहिलेली नाही.

तुमच्या लेआऊटचा एक बडग्या करा. महिनाभर फक्त एवढंच: या वर्षी आपल्या लेआऊटमधून काय हाकलायचं? मुलांना घरोघर पाठवा, दोन-दोनच्या जोडीने, एक मोठा एक लहान. सोबत दुसरा प्रश्न द्या: तुम्ही इथे आलात तेव्हा इथे काय होतं? कुणी सांगेल शेत होतं, विहीर होती. कुणी प्लॉट नियमित झाल्याच्या आर.एल. च्या कागदासाठी मारलेल्या चकरा सांगेल, कुणी पावसाळ्यात चपला हातात घेऊन मुख्य रस्ता गाठल्याचं सांगेल. ते सगळं भवनात आणून पुतळ्यांच्या खेळात घाला, त्यातून तीन-चार छोटे प्रवेश निघतील. बांबू, रद्दी, खळ आणि जुने कपडे यात बडग्या उभा राहतो, ते काम येणारा एखादा माणूस लेआऊटमध्ये सापडतोच, आणि बहुतेक वेळा तो माणूस 'मला नाटकबिटक जमत नाही' म्हणणारा असतो. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे त्याच दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल घेऊन निघतील, त्यांच्यामागे हा. तीन चौकांत थांबायचं, एकेक प्रवेश करायचा, पुढे जायचं. माइक नको. आवाज पोहोचत नसेल तर प्रेक्षकांना जवळ बोलवा.

एका प्रवेशाला तुम्ही आणखी पुढे नेऊ शकाल. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांची एक पद्धत आहे, बंगालच्या खेड्यांत १९८५ साली सुरू झालेला 'जन संस्कृति' हा गट ती वापरतो. प्रसंग वाईट वळणावर आणून थांबवायचा. समजा, टँकरच्या रांगेत भाडेकरूंना मागे ढकललं जातं. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा आणि बघणाऱ्यांना सांगायचं, जिथे तुम्हाला वाटेल की हिने वेगळं वागायला हवं होतं, तिथे 'थांबा' म्हणा आणि तिच्या जागी या. उत्तर बरोबर की चूक हे तुम्ही ठरवायचं नाही. पहिल्यांदा कुणी येत नाही. थोडं थांबायचं, आणि ती शांतता सहन करायची. मग एखादी बाई पदर खोचून येते.

यात एक धोका आहे, तो मी जवळून पाहिला आहे. एका वस्तीत आम्ही दारूवर प्रवेश केला होता. गोष्ट एका बाईने विश्वासाने सांगितलेली. नाव बदललं, मुलांची संख्या बदलली, पण खाटेखाली लपवलेला डबा तसाच ठेवला, कारण तो तपशील आम्हाला फार आवडला होता. तिच्या शेजाऱ्यांनी त्या डब्यावरून ओळखलं. टाळ्या पडल्या, आणि ती बाई त्यानंतर आमच्याशी बोलली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: कुणाच्या घरची गोष्ट ज्याने सांगितली त्याला आधी दाखवायची, एकट्याला, आणि तो 'नको' म्हणाला तर कारण न विचारता काढून टाकायची. बडग्याच्या बाबतीतही तेच. हाकलायचा तो त्रास, शेजारच्या गल्लीतला माणूस नाही.

बाकीचं थोडक्यात. मुलं असतील तिथे कायम दोन मोठी माणसं हजर पाहिजेत, एकटं कुणी नको. शरीराला हात लागेल असा खेळ असेल तर आधी विचारायचं, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला बाजूला दुसरं काम द्यायचं. फोटो, व्हिडिओ पालकांच्या परवानगीशिवाय गटावर टाकू नका. त्या मुलीच्या बाबतीत तर विशेष, तिच्या घरी कुणी त्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नसेल.

तुम्ही नाट्यशास्त्र शिकलेल्या नाही, हे आडवं येत नाही. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये शाळांमधून नाटकाने शिकवायचा उपक्रम सुरू केला, आज जगभर ज्याला 'थिएटर इन एज्युकेशन' म्हणतात तो. त्याचा पायाच नट आणि शिक्षक यांनी एकत्र काम करण्यावर होता. वर्गात कोण मागे पडतंय हे ओळखायची नजर तुमच्याकडे आहे, ती नट पटकन मिळवू शकत नाही. त्या प्रशिक्षकांना वर्षभरासाठी बोलावू नका. दोन रविवार बोलवा, तेवढं मानधन जमवा, आणि ते पूर्ण द्या, कारण तेही त्या कामावरच जगतात. येण्याआधी त्यांना एकच विचारा: एखादं मूल बोलत नसेल तर तुम्ही काय करता? उत्तर ऐकून ठरवा.

स्पर्धेबद्दल मी पालकांना नावं ठेवणार नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना नाटकाची शिस्त तिने लावली. याच शहरात पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी रंजन कला मंदिरातून लहानांसाठी आणि मोठ्यांसाठी नाटकं उभी केली, ती परंपरा मोठी आहे. पण स्पर्धेत वेळ ठरलेली, संहिता आधी मंजूर करून घ्यायची, आणि १९ मुलांतून चांगली बोलणारी ८ निवडायची. निवडीचा तो दिवस तुमच्या गटाला आत्ता सोसणार नाही. आजी, आया, काका तर बालनाट्यात बसतच नाहीत. या वर्षी स्पर्धा पाहायला जा, सगळे मिळून. प्राथमिक फेरीचं तिकीट नाममात्र असतं. लागोपाठ तीन-चार नाटकं पाहा आणि पुढच्या रविवारी त्यावर भांडा. पालकांना 'स्टेज' हवं आहे म्हणजे आपलं मूल चार लोकांत उभं राहिलेलं पाहायचं आहे. तान्ह्या पोळ्याला चौकात ते दिसलं, तर डिसेंबरात हा विषय वेगळ्या तऱ्हेने निघेल. दोन वर्षांनी मुलांनीच स्पर्धा मागितली तर अवश्य उतरा.

फी ठेवा, पण थोडी, आणि घरटी ठेवा, डोकी मोजून नको. म्हणजे आईला आत यायला वेगळे पैसे पडणार नाहीत. ज्यांना जमत नाही त्यांनी सतरंज्या घालायच्या, असं मात्र करू नका. सतरंज्या सगळ्यांनी घालायच्या.

राहिला वार. मी वर रविवार रविवार म्हणत आले, कारण नोकरदार घरांना तो सोयीचा. पण बांधकामावरच्या बऱ्याच कुटुंबांना आठवड्याचा हप्ता रविवारी मिळतो, आणि मग संध्याकाळी बाजार. घरात मोठी मुलगी असेल तर बाजारात पिशवी तिच्या हातात आणि भाऊ कडेवर. उन्हाळ्यात तुमचं शिबिर सकाळी होतं म्हणून ती येऊ शकली असेल. सोसायटीच्या बैठकीत वार आणि वेळ पक्की करायच्या आधी एकदा त्या बांधकामावर जा, तिच्या आईला भेटा, आणि तिला कोणती वेळ जमते ते विचारून या.